पहिल्या बोन्सायला नांद्रुकच घ्या

जुनिपर, पाईनचे फोटो बघून भुलू नका, ती थंड हवेची झाडं, आपल्या सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात नवख्या हाताला टिकवायला लई अवघड. त्यापेक्षा नांद्रुक घ्या, वड-पिंपळाच्याच कुळातलं पण पान बारीक, वडाचं तळहाताएवढं पान छोट्या कुंडीत शोभत नाही हो. फांदी छाटली की पांढरा चीक येतो, घाबरायचं नाही, थोड्या दिवसांत तिथंच नवे कोंब फुटतात, आपल्या चुका पोटात घालणारं झाड आहे हे. नर्सरीत शेंडा नका बघू, बुंधा बघा, बोटानं वरची माती जरा बाजूला करून मुळं चारी बाजूंनी पसरलीत का चाचपा. आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी नको, गच्चीवरच ठेवा, ऊन पाहिजे त्याला.