इन्फ्युजन पंपावरचे रंग कसे वाचायचे: आयसीयूत नवीन आलेल्या स्टाफसाठी

कुडाळ-सावंतवाडीकडे पावसाळ्यात ड्युटी केलेल्यांना हे ठाऊक असेल, रात्री दोनला लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत सलाईन-औषध ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणारे सगळे इन्फ्युजन पंप बॅटरीवर आणि मग एकेक पिवळा व्हायला लागतो, तेवढ्यात नातेवाईक धावत येतात, "सिस्टर, बघा, ता मशीन लाल झाला!" अशा वेळी कुठल्या बेडकडे आधी पळायचं हे रंगावरून कळलं पाहिजे.

अलार्मचे रंग कंपनीने मनाला येईल तसे ठेवलेले नसतात, त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी 60601-1-8. लाल आणि भराभर लुकलुकतंय म्हणजे आत्ता जा. पिवळं हळूहळू लुकलुकतंय म्हणजे लवकर जा. पिवळं किंवा आकाशी न लुकलुकता नुसतंच पेटलंय म्हणजे लक्षात ठेव. या स्टँडर्डचा आवाज असेल तर लालला दहा बीपचा झपाटा आणि पिवळ्याला तीन बीप, त्यामुळे कान तयार झाले की दारातूनच अंदाज येतो. पण कुठला प्रॉब्लेम कुठल्या रंगात हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून आपल्या पंपाचं मॅन्युअल एकदा तरी उघडा, ते कपाटात प्लॅस्टिकमध्येच पडलेलं असतं.

लाल दिसला की हात आधी म्यूटकडे जातो, माझाही जायचा. आधी पेशंट बघा, मग स्क्रीनवरचं वाक्य वाचा. ऑक्लूजन, म्हणजे लाईन कुठेतरी अडलेली, असेल तर क्लॅम्प बंद राहिलाय का, नळी हाताखाली दबलीय का, थ्री-वे (लाईनीतली तीन तोंडांची तोटी) उलटा फिरलाय का ते बघा, पण सापडलं म्हणून झटकन मोकळं करू नका. मागे दाब साठलेला असतो, तो सुटला की औषधाचा बोलस, म्हणजे एकदम मोठा डोस, जातो, आणि लाईनीत नॉरॲड (नॉरॲड्रेनालिन, बीपी वाढवणारं औषध) असेल तर बीपी कुठच्या कुठे. आधी पेशंटच्या बाजूने लाईन बंद करा, दाब दुसऱ्या वाटेने सोडा, मगच चालू करा. एअर-इन-लाईन, म्हणजे नळीत हवा असल्याचा अलार्म, आला तरी तेच, नळीवरचा रोलर क्लॅम्प बंद केल्याशिवाय पंपाचं दार उघडायचं नाही, नाहीतर सलाईन धो धो जातं.

मला विचाराल तर लालपेक्षा हिरव्याची भीती जास्त वाटते. हिरवा म्हणजे मोटर चालू आहे, बस्स. सुई शिरेत आहे की शिरेबाहेर निघून (आयव्ही आऊट) हात फुगतोय हे पंपाला कळत नाही, दाब हळूहळू वाढतो म्हणून तो बराच वेळ हिरवाच राहतो. रेटचंही तसंच. 500 एमएल 4 तासात द्यायचंय म्हणजे ताशी 125, तिथे चुकून 12.5 टाकलं तरी रंग हिरवाच, ड्रग लायब्ररीत (पंपात साठवलेल्या औषधांच्या यादीत) लिमिट सेट असेल तरच पंप टोकेल. म्हणून स्टार्ट दाबण्याआधी आकडा मोठ्याने वाचायचा, लाज वाटली तरी. आमच्याकडे विंचूदंशाचे पेशंट येतात, फुफ्फुसात पाणी झालं की हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन लावावं लागतं, तिथे एक पॉईंट इकडचा तिकडे झाला तर काय होईल सांगायला नको.

आता खरा घोळ. काही सिरिंज पंपांवर औषधाच्या गटाचाही रंग येतो, ॲनेस्थेशियाच्या लेबलांसारखा: ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) निळा, मिडाझोलॅम (गुंगीचं औषध) नारिंगी, बीपी वाढवणारी औषधं जांभळी, इंडक्शनची (भूल सुरू करणारी, प्रोपोफॉलसारखी) पिवळी. म्हणजे प्रोपोफॉलचा पिवळा आणि अलार्मचा पिवळा एकाच स्क्रीनवर! औषधाचा रंग नावाच्या पट्टीत स्थिर असतो, अलार्मचा सहसा लुकलुकतो, हा फरक डोळ्यात बसवून घ्या. आणि एका गटाला एकच रंग, त्यामुळे मॉर्फिन आणि फेंटानिल दोन्ही निळेच, नाव वाचायलाच लागतं. लाल-हिरव्यात गोंधळ होणारा एखादा ब्रदर टीममध्ये असेल तर त्याने ते आधीच सांगावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्याने अक्षरं आणि आवाजावर जावं.

बॅटरीचं एकच, पंप वापरात नसतानाही प्लगलाच ठेवा. जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, इकडे चार्जिंगवर काटकसर चालत नाही.

हँडओव्हर घेताना स्क्रीनकडे बघून "सगळे हिरवे आहेत" म्हणून सही करू नका. बाटलीपासून बोटाने नळी धरत पेशंटच्या हातापर्यंत या, हात दाबून बघा, मग सही.