सांबऱ्याला लोडरचं काम धरणाऱ्या पोरांसाठी

बेळगावच्या सांबरा विमानतळावर लोडर म्हणून, म्हणजे विमानात सामान चढवायला-उतरवायला, लागायचंय म्हणणारी मुतगा, बाळेकुंद्रीकडची पोरं आधी दंड दाखवतात. वजन उचलणं महिन्याभरात अंगवळणी पडतं. बॅगेवरचा टॅग वाचायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

टॅगवर विमानतळाचा कोड असतो. बेळगावचा आय-एक्स-जी, मंगळूरचा आय-एक्स-ई. पहिली दोन अक्षरं सारखी, म्हणून नजर तिसऱ्यावर हवी. बंगळूरला विमान बदलून दिल्लीला जाणाऱ्या बॅगेवर दोन्ही कोड असतात, त्यातला शेवटचा मुक्काम कुठला ते बघा. 10 आकडी नंबरातले शेवटचे 6 आकडे यादीशी ताडा. हँडलला जुना टॅग लटकत असेल तर बॅग बाजूला काढून सुपरवायझरला दाखवा. टॅग तुटलेली बॅग अंदाजाने कधीच चढवायची नाही. त्यात कुणाची रोजची औषधं असतात, कुणाचा लग्नातला शालू.

विमान थांबलं म्हणून धावत सुटू नका. विमानाचा लाल दिवा विझू दे, चाकांना चॉक म्हणजे अडसर लागू देत, इशारा मिळाला की मगच पुढे व्हा. एटीआरचा, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानाचा, पंखा जोरात फिरताना डोळ्यांना धड दिसतही नाही.

कुठल्या होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, किती माल, ते कागदावर येतं. पुढे जागा दिसली म्हणून चार बॅगा जास्त ढकलल्या तर विमानाच्या तोलाचा हिशेब चुकतो. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. बदल करायचाच तर आधी विचारा. जड बॅगा खाली, मऊ वर. ‘हेवी’ची चिठ्ठी दिसली की दोघांनी धरा, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून. कुंदा, करदंट या मिठायांची खोकी सुतळीला धरून उचलू नका. पुठ्ठा पावसाने ओला झालेला असतो, तळ सुटतो. खाली हात घाला. शेवटी जाळी ओढून बांधा.

बॅग गरम लागली किंवा धूर दिसला तर तिथेच थांबा आणि ओरडून सांगा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तरी लोक ठेवतात.

माल उतरवून झाला की टॉर्च मारून होल्डचे कोपरे बघा.

पोलीस पडताळणी होऊन पास मिळाल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठीतला, आधार कन्नडमधलं, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग जुळत नाही. अर्ज भरायच्या आधी ते एकसारखं करून घ्या.