वीजबिल कमी करायचंय? आधी मीटरपाशी उभे राहा

वीज वाचवायची म्हटली की घरोघरी पहिला आरडाओरडा दिव्यांवरून होतो. "बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला?" दिवा बंद करायलाच हवा, पण 9 वॅटचा एलईडी रात्रभर, म्हणजे 10 तास जळला तरी 0.09 युनिट जातं. 2000 वॅटचा गिझर तेवढी वीज तीन मिनिटांच्या आत ओढतो. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करा.

डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या आसपास 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. एक युनिट संपेपर्यंत तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घड्याळ लावून मिनिटभर मोजा, आलेल्या आकड्याला 60 ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. 3200 च्या मीटरवर मिनिटाला 16 वेळा लुकलुक झाली, तर घर त्या क्षणी 0.3 किलोवॅट, म्हणजे 300 वॅट ओढतंय. आता इन्व्हर्टर आणि फ्रीजसकट सगळी बटणं बंद करा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी काही चालू राहिलंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. त्यासाठी वायरमनच बोलवा, स्वतः उघडून बघू नका. सगळं ठीक असेल तर एकेक वस्तू चालू करून पुन्हा मोजा. अर्ध्या तासात घरातलं खादाड कोण ते कळतं.

बहुतेक घरांत ते पाणी तापवणारंच निघतं. 20 लिटरची बादली 22 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 0.42 युनिट लागतं, हे टळत नाही. टळतं ते वाया जाणं. आमच्याकडे गिझर सकाळी सहाला लावला की शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे साडेआठपर्यंत चालूच असायचा. मधल्या वेळात पाणी निवायचं आणि गिझर ते पुन्हा तापवायचा. आता सगळे पाठोपाठ आंघोळी उरकतात आणि शेवटच्या माणसाच्या आधीच बटण बंद होतं, कारण टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं. गिझरला तापमानाची खुंटी असेल तर ती 50-55 वर आणा. पाणी 70 अंशांवर तापवून ठेवलं की टाकीतून उष्णता जास्त निसटते, आणि शेवटी त्यात गार पाणीच मिसळावं लागतं.

दुसरा खादाड म्हणजे पंखा. एकटा पंखा थोडीच वीज घेतो, पण तो थांबतच नाही. 75 वॅटचा जुना पंखा रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट होतात. 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात 11 युनिटांच्या आत राहतो. सगळे एकदम बदलू नका. ज्या खोलीत रात्रभर पंखा लागतो तिथला आधी बदला. जुना चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तोही काढा. त्यावर वेग कमी केला तरी वाचलेली बरीचशी वीज त्याच्या उष्णतेतच जाते.

फ्रीजच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय. एसी असेल तर 24 ते 26 वर ठेवा, सोबत पंखा हळू लावा आणि जाळी पंधरवड्याला धुवा. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेत राहतो. तो 10 वॅट घेत असेल तर महिन्याला 7 युनिट झाले, म्हणून बटण भिंतीवरचंच दाबा.

बिलाबद्दल एक गैरसमज फार आढळतो. 100 युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असं अनेकांना वाटतं. महावितरणच्या घरगुती बिलात 100 च्या पुढचा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो, 300 च्या पुढे आणखी चढा. त्यामुळे वाचवलेलं युनिट नेहमी बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. 320 युनिटवाल्या घराने 20 वाचवले, तर ते त्या तिसऱ्या दराचेच वाचतात.