गुरं चरून गेलेला गहू आणि त्याचं नत्र

कृषी पदवी घेऊन अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरला आले तेव्हा गव्हाबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती: नोव्हेंबरात पेरायचा, अर्धं नत्र पेरताना, उरलेलं तीन आठवड्यांनी. इथे सप्टेंबरात पेरतात, नोव्हेंबरात त्याच गव्हात गोऱ्हे सोडतात, फेब्रुवारीअखेरीस बाहेर काढतात आणि जूनमध्ये कापणी करतात. चाराही मिळतो, दाणाही. अशा चरलेल्या गव्हाच्या नत्रावर काम करायला येणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते.

आधी कांडी चिरायला शिका. गुरं कधी काढायची हे कॅलेंडर सांगत नाही. रोप मुळासकट उपटून उभं चिरायचं. कोवळ्या ओंबीखालची पोकळी दीड सेंटिमीटर झाली की चराई बंद. त्यानंतर चारलं तर दाण्याचं उत्पादन झपाट्याने घटतं. रोपं मात्र न चरलेल्या कोपऱ्यातली घ्या, चरलेल्या गव्हात ही अवस्था उशिरा येते.

गुरांनी खाल्लेलं बरंचसं नत्र शेण-मुतातून शेतातच पडतं, पण सगळीकडे सारखं नाही. पाण्याच्या टाकीजवळचे हिरवेगार ठिपके मातीच्या नमुन्यात येऊ देऊ नका. वरखत, म्हणजे उभ्या पिकाला दिलेलं नत्र, कांडी धरण्याआधी पोचलं तर उत्पादन वाढतं. फुलोऱ्याच्या सुमाराला दिलेलं नत्र उत्पादनापेक्षा प्रथिनांत दिसतं. पाऊसपाणी छान झालेल्या वर्षी दाणे भरपूर आणि प्रथिनं कमी, असंही होतं, कारण तेवढंच नत्र जास्त पिठूळ दाण्यांत वाटलं जातं. म्हणून नुसत्या टक्केवारीवर निष्कर्ष काढू नका. हेक्टरी दाण्यातून किती किलो नत्र निघालं, ते काढा.

माझी चूक याच टक्केवारीत झाली. चाऱ्याचं प्रथिन काढताना नत्राला 6.25 ने गुणतात, गव्हाच्या दाण्याला 5.7 ने. मी दोन्हीकडे 6.25 च वापरलं. 2.1 टक्के नत्राचा दाणा 12 ऐवजी 13.1 टक्के प्रथिनांचा दिसू लागला आणि मी आनंदात आलेखही काढले. एका हंगामाचे सगळे तक्ते पुन्हा करावे लागले. त्यात प्रथिन किती ओलाव्याच्या दाण्यावर मोजलं, हेही लिहिलेलं नव्हतं. इथे गव्हाचं प्रथिन 12 टक्के ओलाव्यावर सांगतात.

आल्याआल्या मॅग्रुडर प्लॉट, म्हणजे स्टिलवॉटरमधलं गव्हाच्या जुन्या खत-प्रयोगाचं शेत, बघून या. 1892 मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात एका वाफ्याला आजवर खतच दिलेलं नाही, तरी तिथे गहू येतो. तुमच्या प्रयोगातही शून्य नत्राचा वाफा ठेवा, चरलेल्या आणि न चरलेल्या, दोन्ही भागांत.