बातमीचा कल आधी तपासा, मग वाद घाला

एकाच घटनेच्या तीन माध्यमांतल्या बातम्या शेजारी ठेवा. आधी क्रियापदं पाहा: ‘म्हणाले’, ‘कबूल केलं’, ‘दावा केला’. विधान तेच, पण माणूस प्रत्येक वेळी वेगळा दिसतो. मग कुणाची बाजू कितव्या परिच्छेदात आली ते मोजा. तळाशी ढकललेली बाजू फारसं कुणी वाचत नाही.

लोकांचा माध्यमांवर किती विश्वास आहे हे मोजणाऱ्या सर्वेक्षणांचा आधार घेताना मात्र जास्त जपा, वाद इथेच फसतात. १,००० जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यात आकडा सुमारे ३ टक्क्यांनी वर-खाली होऊ शकतो. म्हणून ५० टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर येण्याला ‘घसरण’ म्हणू नका. प्रश्नाचे मूळ शब्दही शोधा: ‘माध्यमांवर विश्वास आहे का?’ आणि ‘तुम्ही वाचता त्या वृत्तपत्रावर आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.