तरुण संघात खेळाची वेळ आधी लिहा

मंडळीतल्या तरुण संघाची सभा आखताना आपण गाणी, प्रार्थना, बायबलचं वचन आणि सूचना आधी मांडतो. खेळाला उरतात शेवटची दहा मिनिटं. संदेश थोडा लांबला की तीही जातात. मी अठरा ते तिशीतल्या मुलामुलींमध्ये सेवा करते आणि माझा आग्रह आहे की कागदावर खेळाची वेळ सगळ्यात आधी लिहावी. महिन्यातली एक सभा तर पूर्णच खेळ आणि सहवासासाठी राखावी. त्या दिवशी सुरुवातीला छोटी प्रार्थना करावी, बस्स. शेवटी ‘या खेळातून आपण काय शिकलो’ असं विचारूच नये. तो प्रश्न आला की तरुणांना वाटतं, खेळ म्हणजे संदेशाकडे ओढून नेण्याचं आमिष होतं. मग पुढच्या वेळी ते मोकळेपणाने हसत नाहीत.

पाळकांशी आणि वडीलजनांशी हे आधीच बोलून घ्या. ‘वेळ वाया जातो’ असं कोणी म्हटलं तर बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा. देव यरुशलेम पुन्हा वसवणार, याची कोणती खूण तिथे दिली आहे? हातात काठी घेतलेले म्हातारे-म्हाताऱ्या चौकात बसले आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 मध्येही शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना या गोष्टी एकाच वाक्यात येतात. सहवास तिथे उरल्यासुरल्या वेळात ढकललेला नाही.

खेळ निवडताना बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. धर्मशास्त्र शिकलेला हा माणूस 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत शिकवत होता. थंडीत बाहेर खेळता येईना आणि आत कोंडलेले तरुण कंटाळले होते. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या, 13 नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्माला आला. चेंडू हातात धरून पळायचं नाही, हा नियम त्यांनी मुद्दाम घातला, कारण त्यामुळे अंगावर धावून जाणं, पाडणं थांबतं. टोपली उंचावर असल्याने नुसत्या जोराचाही उपयोग नव्हता. पुढे 1895 मध्ये अमेरिकेतल्याच होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. धक्काबुक्की न झेपणाऱ्या, वयाने थोड्या मोठ्या पुरुषांनाही खेळता यावं हा त्यामागचा विचार. दोघांनीही समोरची माणसं पाहिली आणि त्यांच्यासाठी नियम घडवले. आपल्यालाही तेच करायचं आहे.

म्हणून खेळ ठरवण्याआधी तुमच्या संघातल्या सगळ्यात लाजऱ्या व्यक्तीचा विचार करा, मग जिला धावता येत नाही तिचा. बाद झालेला बाहेर बसतो असे खेळ मी घेतच नाही, कारण ज्याला सामील व्हायची सगळ्यात जास्त गरज असते तोच पहिल्या पाच मिनिटांत भिंतीला टेकून बसतो. चेंडू लागला की बाद न होता समोरच्या संघात जायचं, एवढा बदल केला तरी शेवटपर्यंत सगळे मैदानात राहतात. कप्तानांना आळीपाळीने खेळाडू निवडू देऊ नका. शेवटी उरणाऱ्याला ते फार लागतं. जन्ममहिन्यावरून गट पाडा किंवा चिठ्ठ्या टाका.

घरात बसून खेळायचं असेल तर कागद फिरवण्याचा खेळ घ्या. पहिल्याने एक वाक्य लिहायचं, दुसऱ्याने त्याचं चित्र काढायचं आणि वाक्य झाकायचं, तिसऱ्याने फक्त चित्र पाहून नवं वाक्य लिहायचं. शेवटी सगळे कागद उलगडून वाचायचे. चित्र जितकं वाईट तितकी मजा जास्त, त्यामुळे हुशारी दाखवायचं दडपण राहत नाही, आणि कधीच न बोलणाऱ्याच्या वाक्यावर सगळी खोली खळखळून हसते. एखाद्याचं अंग, नोकरी किंवा लग्न यावरची थट्टा मात्र पहिल्याच शब्दाला थांबवा. ज्या खेळात स्पर्श आहे त्यात ‘मी बघतो’ म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असावी, कारण न विचारता.

खेळ रंगात असतानाच थांबवा आणि लगेच सभा संपवू नका. खरी ओळख त्यानंतरच्या अर्ध्या तासात होते. खुर्च्यांचं मोठं वर्तुळ नको. त्यात दोघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. तिघाचौघांचे गट पुरेत. त्याहून चांगलं म्हणजे हाताला काम द्या. जेवण वाढणं, भांडी धुणं, जाळी गुंडाळणं चालू असताना माणसं सहज बोलतात, कारण नजरेला नजर भिडवावी लागत नाही. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोन शिष्यांनीही आपलं दुःख चालता चालताच सांगितलं. नवीन आलेल्याला पाहुण्यासारखं बसवू नका, त्यालाही एक काम सोपवा. प्रश्न साधे असावेत. ‘आत्मिक जीवन कसं चाललंय?’ याला ठरलेलं उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात कशाने दमलास?’ याला खरं.

कोणाच्या घरी नुकतंच दुःख झालं असेल तर त्याला खेळायचा आग्रह नको, आणि ‘तू नको येऊस’ असंही नको. रोमकरांस 12:15 मध्ये आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक, दोन्ही एकाच श्वासात सांगितलं आहे. अशा व्यक्तीला गुण लिहायला किंवा वेळ पाहायला बसवा आणि शेजारी एक मित्र ठेवा. मध्येच निघून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी फोन करा.

निघण्याआधी पुढच्या वेळचा खेळ कोण घेणार हे ठरवा. आज सगळ्यात कमी बोललेल्या व्यक्तीला विचारा आणि सोबतीला एक बोलका जोडीदार द्या. चेंडू, कागद, पेन्सिली त्यांच्याकडेच घरी पाठवा.