पाय ५ वर एममॅप फेल होत होतं, असं सुटलं (माझा अनुभव)

आमच्याकडे एका पीसीआयई कार्डचा जुना ड्रायव्हर आहे, इंटेलच्या पीसीवर वर्षानुवर्षे गुमान चाललेला. तेच कार्ड रास्पबेरी पाय ५ ला (आर्म प्रोसेसरवाला छोटा कॉम्प्युटर, लिनक्सवर चालणारा) लावलं तर कंपाइल मस्त झालं, ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड पण झालं, आणि प्रोग्रामने एममॅप केलं (म्हणजे कार्डची मेमरी थेट वापरायला जोडून मागितली) की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'! आधी वाटलं केबल लूज असेल, पण एलएसपीसीआय कमांडमध्ये (जोडलेली कार्डं दाखवणारी) कार्ड व्यवस्थित दिसत होतं.

मग सहज 'गेटकॉन्फ पेजसाइझ' कमांड मारून बघितलं तर उत्तर १६३८४, आणि तिथेच ट्यूब पेटली. एक्स८६ वर (इंटेल पीसीचे प्रोसेसर) पेज, म्हणजे सिस्टम ज्या ठरावीक तुकड्यांत मेमरी वाटते तो एक तुकडा, ४०९६ बाइटचं असतं, ६४ बिट आर्ममध्ये मात्र ४, १६ किंवा ६४ केबी, कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्ड करताना ठरतं, आणि पाय ५ चा डिफॉल्ट कर्नल १६ केबीवाला. एममॅपला दिलेला ऑफसेट (कुठून जोडायचं ते अंतर) पेजच्या पटीत लागतो, आमचा ४०९६ होता, मग नाही म्हणणारच ना.

तात्पुरतं बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल=कर्नल८.आयएमजी टाकलं की ४ केबीवाला कर्नल येतो, काम चालतं. पण हे मलमपट्टीच. म्हणून प्रोग्राममध्ये सिसकॉन्फ फंक्शनने पेज साइझ विचारून घेतली, ऑफसेट खाली राउंड केला आणि उरलेले बाइट पॉइंटरमध्ये मिळवले.

मॉड्यूलमधला घोळ जास्त डेंजर, कारण तिथे एररच येत नाही. पत्ता थेट १२ बिट सरकवून पेज नंबर काढलेला, १६ केबीला १४ लागतात, म्हणजे गपचूप भलतीकडचीच मेमरी मॅप! सगळीकडे पेज_शिफ्ट मॅक्रो (त्या कर्नलच्या पेज साइझप्रमाणे किती बिट सरकवायचे ते देणारा) घातला. आता तोच कोड दोन्हीकडे चालतोय, ६४ केबीवर अजून टेस्ट करायचाय, तसं मशीन हाताशी नाहीये.